गंमत कुठवर? (चिंकी, कालू, बहादूर आणि मंडळी)

खिडकीतला कावळा
परवा पिंपळपान यांनी लिहिलं की ‘चिंकी’, ‘कालू’, ‘मद्रासी’ हे नुसते ओळखीचे शब्द आहेत, मराठी माणसाच्या मनात वर्णद्वेष नाही, आपला विठोबाच मुळी काळा, आणि हे सगळं खूळ अमेरिकेतून आलंय. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण दोन दिवस डोक्यातून जाईना. म्हणून वेगळा धागा.

आमच्या सोसायटीत रात्रीचे दोन वॉचमन. गेटवरच्या वहीत त्यांची नावं ‘बहादूर १’ आणि ‘बहादूर २’. गेल्या पावसाळ्यात एक नंबरला डेंग्यू झाला. दवाखान्यात केसपेपर काढताना नाव विचारलं तर सेक्रेटरी, खजिनदार आणि मी, तिघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. चार वर्षं हा माणूस आमच्या बंद पडलेल्या गाड्यांना धक्का मारतोय! शेवटी तापात त्यानेच सांगितलं. माझ्या धाकट्या भावाचं आणि त्याचं नाव एकच निघालं. आणि तो नेपाळचाही नाही, आसामचा.

माझा हिशेब सोपा आहे. ज्याला म्हणायचं तो समोर उभा आहे, शेजारी त्याची आई उभी आहे. तरी तो शब्द तोंडातून निघतो का? जीभ अडखळली, तर तो ओळखीचा शब्द नाही.

पिंपळपान
वा! माझ्या चार ओळींवर आख्खा धागा. आभारी आहे.

दवाखान्याचं वाचून वाईट वाटलं, पण ही तुमच्या कमिटीच्या आळशीपणाची गोष्ट आहे. त्यात वर्णद्वेष कुठून आला? आम्ही शाळेत चष्मिस, ढब्बू, बुटक्या सगळं म्हणायचो आणि ऐकून घ्यायचो. कोणी मेलं नाही.

आणि ऐकणाऱ्यावर सोडलं की काय होतं ते सिडनीला २००८ मध्ये बघितलंय. हरभजन म्हणतो मी आईवरून शिवी दिली, ऑस्ट्रेलियावाले म्हणतात सायमंड्सला माकड म्हणाला. ठोकली तीन सामन्यांची बंदी. अपिलात उठली ना शेवटी?

खिडकीतला कावळा
उठली. आणि त्याआधी ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर त्याच सायमंड्सकडे बघून माकडाचे हातवारे चालले होते, ते कुठल्या अपिलात उठले? मी होतो तिथे. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ पोराला खांद्यावर घेऊन काखा खाजवून दाखवत होते. पोरगं लगेच शिकलं.

‘कोणी मेलं नाही’ हे जरा जपून लिहा. जानेवारी २०१४, दिल्ली, लाजपतनगर. अरुणाचलचा विद्यार्थी पत्ता विचारायला दुकानात थांबला, केसांवरून थट्टा झाली, त्यातून मारहाण. दुसऱ्या दिवशी गेला तो.

कलमबहाद्दर
कायद्याचं कोणीच बोलत नाहीये म्हणून. २०१२ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं की ईशान्येकडच्या अनुसूचित जमातीच्या माणसाला ‘चिंकी’ म्हटलं तर ॲट्रॉसिटी लागू शकते, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पण मणिपूरच्या मैतेई समाजाचा माणूस अनुसूचित जमातीत येत नाही. म्हणजे शिवी देण्याआधी जातीचा दाखला बघा.

निमगोरी
विठोबाला मध्ये आणू नका हो. तो अठ्ठावीस युगं उभा आहे, पण विवाहमंडळाच्या फॉर्मवर वर्णाचा रकाना भरायला त्याला कोणी सांगितलेलं नाही. मला सांगितलंय. माझ्या काकूने ‘सावळी’ खोडून स्वतःच्या हाताने ‘निमगोरी’ लिहिलं. तेच नाव इथे घेतलंय.

घरात आम्ही दोघी चुलत बहिणी, दोघींचं नाव मंजू. एक गोरी मंजू, एक काळी मंजू. माझ्या बारशाला नव्हते ठेवले हे नाव, पण पत्रिका छापून येईपर्यंत टिकलं. दर रविवारी डाळीचं पीठ आणि साय. आजीचा जीव होता माझ्यावर, त्यात शंका नाही. पीठ वाळून गाल ओढायचे ते अजून आठवतं. त्या ‘फेअर अँड लव्हली’ क्रीमवाल्यांनी २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केलं, आजी असती तर म्हणाली असती, डबी तीच आहे ना?

पिंपळपान
ताई, तुमचं दुःख कळतं. पण वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू डॅरेन सॅमी, त्याचंच घ्या. आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना त्याला कालू म्हणायचे. २०२० मध्ये अर्थ कळल्यावर भडकला. मग एका सहकाऱ्याशी बोलला आणि प्रेमानेच म्हणत होता म्हणून शांत झाला. भावना महत्त्वाची!

निमगोरी
तोवर तो त्याचा अर्थ ‘तगडा घोडा’ समजत होता. प्रेम असतं तर अर्थ आधी सांगितला असता.

खाडीपलीकडे
मागच्या चर्चेत कोणीतरी ‘हबशासारखा खातो’ असं लिहिलं होतं. मी मुरूडचा. हबश म्हणजे आजचा इथिओपिया. जंजिरा १९४८ पर्यंत सिद्दींकडे, म्हणजे हबशांकडेच होता. खडकी गाव, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर हबशीच. आमच्याकडे समोर किल्ला दिसतो, तुम्हाला हबशी म्हटलं की ताट दिसतं.

घाटमाथा
मी कराडचा, अकरा वर्षं गोव्यात नोकरी. मडगावच्या बाजारात बांगड्याचा भाव जास्त वाटला म्हणून कुरकुरलो, तर मागून आवाज, ‘घाटी रे तो, सोड.’ बाई हसली आणि बांगडे परत पाटीत टाकले. विकलेच नाहीत! मी रिकामी पिशवी घेऊन घरी. यावर कधी धागा निघत नाही.

पिंपळपान
हा मात्र सरळसरळ अपमान आहे. वडील सातारहून गिरगावात आले तेव्हा हाच शब्द ऐकलाय त्यांनी, शेवटपर्यंत विसरले नाहीत. घाटी ही शिवीच आहे, गंमत नाही.

नुस्त्याचें हुमण
शिवी कसली? घाटावरून आला तो घाटी. नुसता ओळखीचा शब्द.

खिडकीतला कावळा
हा हा हा. पिंपळपान, भावना बघा भावना.

पिंपळपान
दोन्हीत फरक आहे. माझ्या वडिलांवर हसू नका.

नुस्त्याचें हुमण
आणि तुम्ही लोक भाड्याच्या गाड्या वाळूत घालता, बाटल्या फोडून जाता, वर प्रत्येक गोंयकाराला दारुडा म्हणता, त्याचं काय? आमची कोंकणी म्हणजे तुमची बोली, हेही ऐकवता.

घाटमाथा
मी एक बाटली फोडलेली नाही. अकरा वर्षांत एकही. आणि तुमच्या गोव्यात पर्राला २०१३ मध्ये नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या लोकांनी हायवे अडवला, तेव्हा तुमचा मंत्री नायजेरियन म्हणजे कॅन्सर म्हणाला. तोही ओळखीचा शब्द का?

नुस्त्याचें हुमण
त्याने माफी मागितली. पण हो, आफ्रिकन माणसाला ‘खाप्री’ आमच्याकडे सर्रास म्हणतात. माझी आई म्हणते. तिला बदलायला मी जाणार नाही.

खाडीपलीकडे
आम्ही कोकणातही घाटी म्हणतो. तुम्हीही आम्हाला कोकण्या म्हणता, चिकट म्हणता. बरं, जंजिऱ्यावर कोणी काही बोलणार आहे का?

कलमबहाद्दर
‘घाटी’ला ॲट्रॉसिटी लागत नाही. बघून ठेवलंय.

पिंपळपान
ठीक आहे. तुम्ही ‘घाटी’ सोडा, मी ‘चिंकी’ सोडतो. ‘भैय्या’ मात्र सोडणार नाही, कारण तो त्यांचाच शब्द आहे. आणि विठोबा काळाच आहे.

निमगोरी
त्यांचा शब्द आदराचा आहे. तुमच्या तोंडून तसा ऐकू येत नाही.

कावळे, ते गेटवरच्या वहीचं पुढे काय झालं?

खिडकीतला कावळा
एक नंबरचं नाव लिहिलं, निळ्या पेनने, मीच. दोन नंबरचं अजून विचारायचं राहिलंय.