आघात, धसका की सदमा? लढाईवरून आलेल्या माणसाला काय झालं म्हणायचं

मांजराकाठ (लातूर)
आमचा गट एका परदेशी युद्धनाटकाचं मराठी करतोय. नावं, गावं, लढाई सगळं मूळचंच ठेवलंय, बोली मात्र आपल्याकडची घेतली आहे. लढाईवरून घरी आलेला जवान रात्र रात्र झोपत नाही. स्वयंपाकघरात भांडं पडलं की भिंतीला पाठ लावून उभा राहतो. डॉक्टर त्याच्या बायकोला सांगतो की याला ट्रॉमा आहे. मी लिहिलं, "त्यांना आघात झालाय." वाचनाच्या वेळी बायकोचं काम करणारी मुलगी थांबली. ती औशाकडची आहे. म्हणाली, "सर, आघात झाला म्हटल्यावर मी पहिल्यांदा विचारणार, कोण गेलं?" तिचं म्हणणं 'धसका' लिहा. दिग्दर्शक म्हणतात, धसका पोरं परीक्षेचा घेतात, फौजी माणसाला तो शब्द हलका पडतो. गुरुवारी तालीम आहे. काय लिहू?

निवृत्त मास्तर (परभणी)
आघातच ठेवा. 'हन्' म्हणजे मारणे, त्याला 'आ' लागून झालेला शब्द आहे. ट्रॉमा मूळ ग्रीक, अर्थ जखम. इतका जवळचा शब्द हाताशी असताना दुसरा कशाला शोधायचा? फार तर "मनावर आघात" असं स्पष्ट करा. चार लोक शब्द एका अर्थानं वापरतात म्हणून त्याचा दुसरा अर्थ मरत नाही.

उमरग्याची लेक (सध्या हिंगोली)
मास्तर, मान ठेवून सांगते, मला पटलं नाही. वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या चौकटी वाचा, "कुटुंबावर झालेला आघात" हाच अर्थ डोक्यात बसलाय. आघात झाला की लोक भेटायला येतात, तेरा दिवसांत घर सावरू लागतं. इथं तर माणूस जिवंत परत आलाय आणि त्याला भेटायला कोणी येत नाही.

धसका काय असतो ते मी पाहिलंय. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. पत्र्यावरून मांजर गेलं तरी सगळं शेड उठून बसायचं. नवीन घर झालं, त्यात लोखंडी कॉट आली, पण माझी आजी शेवटपर्यंत उंबऱ्यापाशीच निजली. कडी तिनं कधी लावू दिली नाही. आई म्हणायची, "त्येन्ला धसका बसलाय, बोलू नका काही." तो हलका शब्द नाही.

निवृत्त मास्तर (परभणी)
ताई, तुमच्या आजींचं वाचून वाईट वाटलं. पण धसका हा क्षणाचा शब्द आहे. काळजात 'धस्स' होतं, त्यावरूनच तो आला असणार. धस्स झालं आणि सरलं. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या आजाराला तो कसा पुरेल?

उमरग्याची लेक (सध्या हिंगोली)
मी तो 'धसणे' वरून धरते. पावसात विहिरीचा काठ धसतो, माती खाली जाते ती परत वर येत नाही. आमच्या गावाची माणसं तशीच आतून धसली होती.

बालाघाट (बीड)
व्युत्पत्ती कोणतीही असो, क्रियापद बघा. धसका 'घेणं' वेगळं, धसका 'बसणं' वेगळं. परीक्षेचा धसका घेतात, तो पुढं येणाऱ्या गोष्टीचा. धसका बसतो तो होऊन गेलेल्या गोष्टीचा. दिग्दर्शकांनी या दोन्हींची गल्लत केली आहे.

माझे चुलते शांतिसेनेतून श्रीलंकेत होते, 1989 ला परत आले. तिकडं सुरुंग फार. मी सात-आठ वर्षांचा. तुरीच्या रानात जाताना ते पुढं, मी मागं. सारखं बजावायचे, "मी जिथं पाय ठेवला तिथंच ठेव." बांधावरच्या गवतात पाय पडला की खसकन दंड धरून मागं ओढायचे. एकदा माझी चप्पल गवतात निसटली. ती त्यांनी काढू दिली नाही, स्वतःही काढली नाही. मी तसाच एका पायानं अनवाणी घरी आलो. आईनं चपलेचं विचारलं, तर चुलते ताट सोडून उठले.

गावात म्हणायचे, "फौजी भ्यालाय." हे त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी पारावर बसायचं सोडलं. म्हणून माझा आग्रह आहे. "तो भ्याला" म्हटलं की भिणारा तो, दोष त्याचा. "त्याला धसका बसला" म्हटलं की बसणारा धसका, माणूस नुसता सोसणारा. आपल्या भाषेनं एवढी माया त्या वाक्यात ठेवली आहे, ती घालवू नका. आणि नाटकात चुकूनही 'भीती' लिहू नका.

गोदातीर (नांदेड)
मी समुपदेशनाचं काम करते. नावाचा हा घोळ इंग्रजीतही होता. 1915 मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला. तोफगोळ्याच्या दणक्यानं मेंदू हादरतो असा तेव्हा समज होता. पुढं जे गोळ्याच्या जवळपासही नव्हते त्यांनाही तेच होतंय हे दिसलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. 'पीटीएसडी' हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तिकेत 1980 ला आलं. मराठीत 'आघातोत्तर ताण' लिहितात. माझ्यासमोर बसलेल्या एकाही बाईनं तो शब्द आपणहून वापरलेला नाही. धसका म्हणतात, हाय खाल्ली म्हणतात, आणि नांदेडात पुष्कळ जण सदमा म्हणतात. 'सदमा बसला' चालेल का बघा. डॉक्टरच्या तोंडीही शोभेल.

निवृत्त मास्तर (परभणी)
सदमा हिंदी आहे. सिनेमा-मालिकांतून घुसलेला शब्द आपण रंगमंचावरून पक्का करायचा का? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी?

जुना उस्मानिया (संभाजीनगर)
मास्तर, इथं तुमची चूक होतेय. आमच्याकडं तो सिनेमाच्या आधीपासून आहे. माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकले. सप्टेंबर 1948 ला पोलीस कारवाई झाली, राज्य गेलं, पण घरातले शब्द कुठं गेले? रझाकारांच्या दिवसांबद्दल वडील म्हणायचे, "त्या रात्रीचा सदमा बसला आईला." घरात बोलणं मराठीच. सदमा मूळ अरबी, अर्थ आदळणे, धडक. म्हणजे तुमच्या आघाताचाच भाऊ.

आणि फौजेतून परके शब्द काढायचे म्हटलं तर फौजच उरत नाही. फौज, शिपाई, हवालदार, सुभेदार, रसद, तोफ, एकेक काढून बघा.

निवृत्त मास्तर (परभणी)
ते शब्द रुजले, मान्य. सदमा पुण्या-कोल्हापूरकडं रुजलेला नाही. नाटक साऱ्या महाराष्ट्राला कळायला हवं. साधं 'जखम' लिहा, "मनाला जखम झालीय."

जुना उस्मानिया (संभाजीनगर)
जखम फारसी आहे, मास्तर.

निवृत्त मास्तर (परभणी)
मग घाव. तो तरी आपला. संस्कृत 'घात', प्राकृतात 'घाय', त्याचा घाव. घायाळ त्यातलाच. म्हणजे आघात आणि घाव एकाच घरातले, एक पोथीतून आला, एक लोकांच्या तोंडून. "मनावर घाव बसलाय." बघा, इथंही बसलाच आहे.

बालाघाट (बीड)
हे जमतंय. पण घाव घालणारा कोणीतरी असतो, ऐकणारा लगेच "कोणी घातला?" म्हणेल. चुलत्यांना कोणाचं नाव सांगता आलं नसतं.

मांजराकाठ (लातूर)
सगळ्यांचे आभार. आज त्या मुलीला दोन्ही वाक्यं म्हणायला लावली. तिनं स्वतःच बदल केला. डॉक्टर कागदावर लिहीत असतो, आणि तीच विचारते, "ह्येन्ला धसका बसलाय व्हय?" तालमीत सगळे गप्प झाले. पण डॉक्टरनं त्यावर काय म्हणायचं ते अजून ठरत नाही. तिथं दिग्दर्शकांना आघात हवाय.

उमरग्याची लेक (सध्या हिंगोली)
डॉक्टरनं फक्त "व्हय" म्हणावं.

निवृत्त मास्तर (परभणी)
डॉक्टर "व्हय" म्हणणार नाही. "होय" म्हणेल.

जुना उस्मानिया (संभाजीनगर)
आमच्या भागातले डॉक्टर व्हयच म्हणतात. मास्तर, घायकुतीला येणं हे पण त्या घाय वरूनच का? आमच्याकडं घायकुती म्हणजे नुसती घाई.

निवृत्त मास्तर (परभणी)
घाईशी संबंध नसावा. परभणीत घायकुतीला येणं म्हणजे अगदी रडकुंडीला येणं. तुमच्याकडं कोणत्या तालुक्यात घाई म्हणतात?