कर्नल ड्रायव्हरमधलं एक नाव बदललं, बिल्ड पास, पण आकडे शून्य. मदत हवी आहे

अर्धवट_बूट
लिनक्स कर्नलच्या आमच्या ड्रायव्हरच्या एका स्ट्रक्टमध्ये (फील्डांच्या गटात) 'पीआयडी', म्हणजे प्रोसेसचा नंबर, नावाचं फील्ड आहे आणि त्यात भरला जातो थ्रेडचा नंबर. नवीन येणारा प्रत्येक जण फसतो, मीही दोन दिवस डोकं आपटलंय. म्हणून नाव 'टीआयडी' (थ्रेड आयडी) केलं. बस, एवढंच. लॉजिकला हात लावलेला नाही. कंपाइल होतं, बूट होतं, टेस्ट पास. पण मॉनिटरिंगवर आमच्या ड्रायव्हरचे सगळे आकडे शून्य! पॅच मागे घेतला की परत येतात. उद्या रिव्ह्यू आहे, लवकर सांगा.

शून्याचा_पत्ता
कुठला कर्नल? मेनलाइन, म्हणजे मुख्य अधिकृत सोर्स, की तुमचं स्वतःचं झाड (सोर्सची वेगळी प्रत)? नाव हाताने बदललं की कशाने? आणि हे 'आकडे' येतात कुठून?

अर्धवट_बूट
कर्नलचा काय संबंध? ६.६ आहे, झाड आमचंच. सेडने, म्हणजे मजकूर शोधून बदलणाऱ्या कमांडने, बदललं. पहिल्यांदा कॉमेंटमधल्या 'रॅपिड'चं 'रॅटिड' झालं आणि 'पीआयडी_टी' टाइपही गेला, म्हणून मग पूर्ण शब्द जुळेल तिथेच बदल असं केलं. 'करंट'च्या (हा कर्नलचा स्वतःचा टास्क, त्याचं फील्ड 'पीआयडी'च) पुढे दोन ठिकाणी एरर आले, ते हाताने पूर्ववत केले.

सेमीकोलन
सेड ऐकूनच पोटात गोळा आला. कॉक्सिनेल हे कोड बदलायचं टूल वापरा हो. त्याला सी भाषा कळते: याच स्ट्रक्टचं हे फील्ड बदल म्हटलं की तेवढंच बदलतं, शेजारच्या स्ट्रक्टमधलं त्याच नावाचं फील्ड तसंच राहतं. कर्नल ५.८ मध्ये मेमरीच्या एका लॉकचं एमॅप_सेम हे नाव जाऊन एमॅप_लॉक आलं, तेव्हाची बरीच उस्तवार त्यानेच झाली. फक्त मॅक्रोंवर (कंपाइलआधी उलगडणाऱ्या साच्यांवर) डोळा ठेवा. कर्नलमधलं 'पेजडर्टी' हे नाव ग्रेप करून (मजकुरात शोधून) त्याची व्याख्या शोधा बरं! सापडणार नाही, दोन तुकडे चिकटवून मॅक्रो ते नाव तयार करतो.

जुना_खांब
मुळात बदलायचं कशाला? वर एक ओळ कॉमेंट टाकायची. उगाच ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली त्याची गिटमधली नोंद) खराब, जुन्या शाखांवर पॅच लागत नाहीत, आणि मिळालं काय?

सेमीकोलन
ब्लेममधून ठरावीक कमिट वगळता येतात, गिटमध्ये कधीची सोय आहे. कॉमेंट वाचतं कोण?

जुना_खांब
मी वाचतो.

शून्याचा_पत्ता
@जुना_खांब, मॅक्स_ऑर्डर, म्हणजे मेमरीच्या सलग तुकड्याच्या आकाराची (ऑर्डरची) कर्नलमधली मर्यादा, आठवतंय का? आधी सर्वांत मोठी ऑर्डर त्याच्याहून एक कमी असायची. ६.४ पासून अर्थ बदलला, मॅक्स_ऑर्डर हीच सर्वांत मोठी. नाव तेच! झाडाबाहेरचं '<' वालं लूप बिनतक्रार कंपाइल होतं आणि शेवटची ऑर्डर मुकाट्याने गाळतं. शेवटी ६.८ मध्ये नाव मॅक्स_पेज_ऑर्डर केलं, तेव्हा कुठे असा कोड कंपाइललाच अडायला लागला. नाव बदलण्याचा निम्मा फायदा तोच.

वाचनमात्र
+१. अवांतर: युनिक्स पुन्हा लिहायचं झालं तर काय बदलाल, असं केन थॉम्पसनना विचारलं होतं. म्हणाले, क्रिएट कॉलच्या स्पेलिंगात शेवटचा 'ई' घालीन.

गंजलेला_पॉइंटर
रस्ट भाषेत लिहा. थ्रेडच्या नंबराला वेगळा टाइप द्यायचा, प्रश्नच मिटला.

अर्धवट_बूट
ड्रायव्हर पुन्हा लिहायला नाही आलोय मी. आकडे शून्य का, ते कोणी सांगेल का?

शून्याचा_पत्ता
तुम्हीच सांगत नाही आहात. ते आकडे कोण काढतं?

अर्धवट_बूट
एक पायथन स्क्रिप्ट. ट्रेसचं, म्हणजे कर्नल लिहितो त्या घटनांच्या नोंदींचं, आउटपुट वाचते. ती दुसऱ्या टीमची आहे, तिला मी हात लावलेला नाही.

शून्याचा_पत्ता
झालं. ट्रेस_इव्हेंटची हेडर फाइल सेडच्या तावडीत सापडली होती का? तिथलं टीपी_प्रिंटके, म्हणजे नोंद कशी छापायची ती ओळ, बघा.

अर्धवट_बूट
हो! 'पीआयडी=%डी'चं 'टीआयडी=%डी' झालंय, वरचं फील्डही. आणि स्क्रिप्ट 'पीआयडी=' शोधते. अहो, पण कंपाइलरने ओरडायला नको?

सेमीकोलन
कोटातल्या मजकुरावर तो का ओरडेल? फील्डचं नाव दोन्हीकडे सारखंच बदललं, तो खूश. ट्रेसची नावं बाहेरचे लोक वाचतात. ती यूएपीआयच्या (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमसाठी असलेल्या) हेडरसारखीच जपायची. ५.१४ मध्ये टास्क_स्ट्रक्टच्या 'स्टेट'च्या सुरुवातीला दोन अंडरस्कोअर लागले, तर कितीतरी बीपीएफ (कर्नलच्या आत डोकावणाऱ्या) टूल्सना दोन्ही नावं हाताळावी लागली. आतलं नाव खुशाल बदला, ट्रेसमधलं पूर्ववत करा.

अर्धवट_बूट
केलं. आकडे आले! धन्यवाद सगळ्यांना, धागा बंद करायला हरकत नाही.

शून्याचा_पत्ता
थांबा जरा. ती स्क्रिप्ट तो नंबर कशाशी जुळवते?

अर्धवट_बूट
ॲप स्वतःचा पीआयडी लॉगमध्ये लिहितं, त्याच्याशी. गेटपीआयडीने घेतलेला.

शून्याचा_पत्ता
गेटपीआयडी देतं टीजीआयडी, म्हणजे अख्ख्या प्रोसेसचा नंबर. तुमच्या ट्रेसमध्ये आहे थ्रेडचा. मुख्य थ्रेडपुरते दोन्ही सारखे, बाकीच्या थ्रेडचं काम त्या आकड्यांत कधी आलंच नसणार.

अर्धवट_बूट
...ॲपमध्ये आठ थ्रेड आहेत.

जुना_खांब
म्हणून म्हणत होतो, नाव बदलू नका.

सेमीकोलन
काका, उलट नाव चुकीचं होतं म्हणूनच त्या टीमने ते तसं जुळवलं ना?

अर्धवट_बूट
भांडा नंतर. रिव्ह्यूमध्ये हे आता सांगू की आधी त्या टीमला मेल टाकू?