६०० यार्डांसाठी रायफल: एम१ए की एआर-१५?

प्रेषक: वि. (कोलंबस, ओहायो)

नमस्कार मंडळी,

परवाच्या गणपतीच्या बैठकीत दोघा-तिघांनी सांगितलं की हा प्रश्न लिस्टवरच टाक, इथे अनुभवी माणसं आहेत. म्हणून लिहितोय.

पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत .२२ वर भरपूर आणि .३०३ वर थोडी नेमबाजी केली होती. इथे इतकी वर्षं ती राहूनच गेली. आता ग्रीन कार्ड हातात आलं आहे आणि पुन्हा सुरुवात करायची आहे, तीही लांब पल्ल्याची: ६०० यार्ड, पुढे जमलं तर १०००. रायफल लष्करी धाटणीचीच हवी, कारण ओहायोतल्याच कॅम्प पेरीच्या सर्व्हिस रायफल (लष्करी धाटणीच्या रायफलींच्या) स्पर्धेत उतरायचं मनात आहे.

माझा कल एम१एकडे, म्हणजे जुन्या लष्करी एम१४ च्या नागरी रूपाकडे, आहे. लाकडी कुंदा, ७.६२ मिमीची गोळी, दणकट काम. एआर-१५ म्हणजे लष्करी एम१६ चं नागरी रूप; तिची ५.५६ मिमी म्हणजे आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलीचीच गोळी. तिच्यावर तक्रारी होत्या म्हणून तर भारतीय सैन्य पुन्हा ७.६२ कडे वळलं आणि सिग ७१६ रायफली घेतल्या. मग लांबवर मारायला ५.५६ कशी पुरेल? द. काका, तुमचं मत हवं आहे.

आपला,
वि.

———

प्रेषक: द. मा. (क्लीव्हलंड)

चि. वि.,

अनेक आशीर्वाद. पुन्हा रायफल हातात घेतोयस हे वाचून फार बरं वाटलं.

तुझ्या प्रश्नाकडे वळण्याआधी लिस्टवरच्या इतरांना एक सांगतो. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकन केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगता येत नाहीत. मित्राबरोबर रेंजवर जाऊन भाड्याची रायफल चालवली तरी ते 'बाळगणं' ठरू शकतं. राज्याचा वैध शिकार परवाना असणं असे काही मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून, कागद हातात आल्यावरच वापरावेत. हौसेपायी इमिग्रेशन धोक्यात घालू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही, म्हणून वि.ला मोकळेपणाने लिहितो आहे.

आता रायफल. सैन्याला ७.६२ का हवी आणि तुला काय हवं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सैन्याची गोळी लक्ष्यावर पोचून तिथे काम करायला हवी. आपलं लक्ष्य कागदाचं आहे. तिथे गोळीने फक्त ठरल्या जागी भोक पाडायचं. किती जोराने पाडलं याचे गुण कोणी देत नाही.

स्पर्धेचा ढाचा डोळ्यांसमोर ठेव. नॅशनल मॅच कोर्स ५० गोळ्यांचा असतो: २०० यार्डांवर उभ्याने १०, तिथेच बसून जलदगतीने १०, ३०० यार्डांवर झोपून जलदगतीने १०, आणि शेवटी ६०० यार्डांवर झोपून सावकाश २०. एकूण ५०० गुण. ६०० यार्डांवरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १२ इंचांचं, आतलं 'एक्स' ६ इंचांचं. १०० यार्डांवर इंचाच्या आत गोळ्या टाकणारी रायफल ६०० वर साधारण सहा इंचांत टाकेल, म्हणजे दहाच्या वर्तुळाच्या निम्म्यात. राहिलेलं निम्मं तुझ्या चुकांसाठी आणि वाऱ्यासाठी. चांगली नळी बसवलेली एआर-१५ ही कामगिरी सहज करते, आणि पुढच्या वर्षीही तशीच करते.

एम१एचं दुखणं इथेच आहे. ती तशी नेमकी करायची तर लाकडी कुंद्यात रिसीव्हर (रायफलीचा मधला मुख्य सांगाडा) इपॉक्सीने घट्ट बसवावा लागतो, ज्याला बेडिंग म्हणतात. नळीखालचा गॅस सिलिंडर (गोळीच्या वायूवर रायफल पुन्हा भरणारा भाग) आणि नळीवरचं हँडगार्ड (हात ठेवायचं आवरण) जागच्या जागी जखडावं लागतं. काही हजार गोळ्यांनंतर बेडिंग सैल पडतं, पावसाळी हवेत लाकूड फुगतं, आणि मग ते सगळं पुन्हा करून घ्यावं लागतं. हे काम येणारे कारागीर आता थोडेच उरलेत. एआरची नळी मोकळी ठेवता येते: हँडगार्डच्या आत एक लपलेली नळकांडी असते, पट्ट्याचा ताण तिच्यावर येतो, नळीवर येत नाही. सर्व्हिस रायफलच्या नियमांत हे चालतं.

एम१४ आणि तिची नागरी बहीण एम१ए यांनी ही स्पर्धा अनेक वर्षं गाजवली. १९९० च्या दशकात अमेरिकन लष्कराच्या मार्क्समनशिप युनिटने एम१६ वर मेहनत घेतली, आणि बघता बघता फायरिंग लाइनवर सगळीकडे एम१६-एआरच्या काळ्या रायफली दिसू लागल्या. गुणपत्रकानेच तो वाद मिटवला.

मात्र पुरेशी ठरते ती योग्य ५.५६ च. दुकानात मिळणारी ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्वस्त गोळी ६०० यार्डांवर वाऱ्याबरोबर भरकटते. आपल्याला ७७ ग्रेनची लांबट मॅच (स्पर्धेची) गोळी हवी. ६०० यार्डांच्या सावकाश फैरीला बरेच जण ८० ग्रेनची वापरतात. ती इतकी लांब असते की मॅगझिनमध्ये मावत नाही, एकेक हाताने चेंबरमध्ये ठेवावी लागते. एवढ्या लांब गोळीला स्थिर ठेवायला नळीतल्या आट्यांचा पीळही तसा लागतो. सुरुवातीच्या एम१६ मध्ये १४ इंचांत एक फेरा होता, मग १२ झाला, एम१६ए२ मध्ये ७. तू ८ किंवा ७ इंचांत एक फेरा असलेली, २० इंच लांबीची स्टेनलेस मॅच नळी घे. रायफलीवर खर्च करायचा तर याच एका भागावर सढळ हाताने कर.

धक्क्याचाही विचार कर. जलद फैरीत साठ-सत्तर सेकंदांत, मॅगझिन बदलून, १० गोळ्या झाडायच्या असतात. ७.६२ प्रत्येक वेळी खांदा हलवते आणि नेम नव्याने जमवावा लागतो. ५.५६ मध्ये मक्खी (नळीच्या टोकाचा नेमाचा काटा) जवळजवळ जागेवरच परतते. शिवाय सराव जास्त होतो, कारण काडतूस स्वस्त आणि संध्याकाळी खांदा ठणकत नाही.

७.६२ ला एक खरा फायदा आहे: वारा तिला जरा कमी ढकलतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा ६०० यार्डांवर ७७ ग्रेनच्या गोळीला साधारण तीन फूट सरकवतो, १७५ ग्रेनच्या ७.६२ ला अडीच फुटांच्या आसपास. फरक सहा इंचांचा. पण दोन्हीकडे वारा वाचावाच लागतो, आणि जो अडीच फूट वाचू शकतो तो तीनही वाचतो. कॅम्प पेरी एरी सरोवराच्या काठाला आहे. तिथला वारा दहा मिनिटं एका बाजूने वाहतो आणि नेमका तुझ्या गोळीच्या वेळी वळतो. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या झेंड्यांकडे बघायची सवय तुला रायफलपेक्षा जास्त गुण देईल.

ट्रिगरचा दाब किमान साडेचार पौंड लागतो, तेव्हा हलका स्पर्धेचा ट्रिगर घेऊ नकोस. २०१६ पासून ४.५ पटीपर्यंतची दुर्बीण चालते. चाळिशी ओलांडलेल्यांनी ती सरळ घ्यावी.

खरेदीची घाई नको. उन्हाळ्यात कॅम्प पेरीला स्मॉल आर्म्स फायरिंग स्कूल भरतं. रायफल आणि काडतुसं तिथेच मिळतात, शिकवणारे लष्करी नेमबाज असतात. कोलंबसहून दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. आधी ते कर.

द. मा.

———

प्रेषक: सु. (मिसिसागा)

द. मा. काका, वि.,

कॅनडातल्या मंडळींनी हे वाचून गोंधळू नये म्हणून लिहिते. १ मे २०२० च्या आदेशाने इथे एआर-१५ आणि एम१४ दोन्ही प्रकारांवर बंदी आली. सुमारे दीड हजार मॉडेल्स त्या यादीत होती. म्हणजे वि.चा प्रश्न इथे उरतच नाही.

पण लांब पल्ल्याची नेमबाजी बंद नाही. ओटावाजवळ कनॉट रेंजेसवर ३०० ते ९०० मीटरच्या स्पर्धा होतात, ७.६२ च्या बोल्ट रायफलवर (दर गोळीला हाताने बोल्ट ओढावा लागतो ती). सुरक्षेचा कोर्स करून परवाना काढावा लागतो. आणि लष्करी रायफलीचीच ओढ असेल तर ली-एन्फील्ड आहे. माझ्या यजमानांकडे .३०३ ची नंबर ४ आहे. बाबा पोलिसात होते, त्यांना ती हातात देताच त्यांनी डोळे मिटून बोल्ट ओढला.

आपली,
सु.

———

प्रेषक: अ. (डब्लिन, ओहायो)

नमस्कार. लिस्टवर हा विषय नको असं मी म्हणत नाही, पण एक विचारायचं आहे. वि.ची मुलं आणि माझी मुलं रोज एकमेकांच्या घरी खेळतात. रायफल घरात कुठे आणि कशी राहणार? हे विचारायला संकोच वाटतो, तरी विचारते आहे.

अ.

———

प्रेषक: द. मा.

अ.ताई,

संकोच मुळीच नको. हा प्रश्न प्रत्येक आईने खेळायला पाठवण्याआधी विचारावा, आणि ज्याच्या घरात बंदूक आहे त्याने आपणहून सांगावं.

वि., हे तुझ्यासाठी. रायफलीच्या आधी तिजोरी विकत घे, आणि ती भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की कर. एआरचा बोल्ट कॅरियर (ज्याच्याशिवाय ती चालत नाही तो आतला भाग) काढून वेगळ्या कुलपात ठेव. काडतुसं तिसरीकडे, तीही कुलपात. तिजोरीचा आकडा घरात कुठेही लिहिलेला नको. मुलांच्या वाढदिवसाची तारीख तर नकोच, ती मुलं पहिल्यांदा तीच लावून बघतात. आणि घरात कोणी मनाने खचलेलं असेल, नोकरी गेली असेल, तर तेवढ्या काळापुरती रायफल घराबाहेर सुरक्षित जागी ठेवायची सोय कायद्यात बसेल अशी करून घे. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. चोराची भीती सगळे बोलतात, हे कोणी बोलत नाही.

गाडीतून नेताना रिकामी, कुलूपबंद पेटीत, डिकीत. न्यू जर्सीच्या मंडळाला भेटायला जाताना ती बरोबर नेऊ नकोस. तिथले नियम ओहायोसारखे नाहीत.

द. मा.

———

प्रेषक: वि.

काका, अ.ताई, सु.ताई, सगळ्यांचे आभार. अ.ताई, तिजोरी आली की तुम्हीच येऊन बघा, त्याआधी रायफल घरात येणार नाही.

काका, एम१एचा हट्ट सोडला. पण १००० यार्डांचं काय? आणि ती इशापूरची २ए१ इथल्या जुन्या बाजारात दिसते, ७.६२ ची ली-एन्फील्ड. ती घेऊ का?

वि.

———

प्रेषक: द. मा.

चि. वि.,

२ए१ जरूर घे, पण प्रेमापोटी. बंगालात १९६० च्या दशकात तयार झालेली, १२ गोळ्यांच्या मॅगझिनची ती देखणी चीज आहे. चांगल्या बंदूक-कारागिराकडून हेडस्पेस (काडतूस बसल्यावर बोल्टपाशी उरणारी जागा) तपासून घे आणि २०० यार्डांवर आनंदाने चालव. ६०० वर ती एआरला गाठणार नाही.

१००० यार्डांवर हिशेब बदलतो. ७७ ग्रेनची गोळी तिथे पोचेस्तोवर तिचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास उतरतो आणि ती डगमगू लागते. ७.६२ मध्येही जुनी १६८ ग्रेनची मॅच गोळी याच कारणाने त्या अंतरावर दगा देते, म्हणून १७५ ची वापरतात. तेव्हा हजाराची वेळ आली की त्याच एआरवर अडून बसू नकोस; ६.५ क्रीडमूर या काडतुसाची एक बोल्ट रायफल घे. तिची नळी लवकर झिजते, पण वारा तिला कमी ढकलतो.

सध्या मात्र २० इंची एआर, चामडी पट्टा, हातमोजा, कानावर दुहेरी संरक्षण आणि काडतुसांचे पैसे. आमच्या क्लबात पुढच्या महिन्यात २०० यार्डांवर कमी अंतराचा सामना आहे. रायफल माझी, काडतुसं तुझी. पिटमध्ये (टार्गेटांखालच्या खंदकात) खाली उतरून दुसऱ्यांची टार्गेटं ओढायचीही पाळी येईल, जुने बूट घालून ये.

द. मा.