लसीच्या दिवशीच पोरांचे दात बघून घेता येतील का?

काणकोणची_बाय
नमस्कार मंडळी. मी गोव्यात काणकोणला एका वेळीप आदिवासींच्या वाड्यावर अंगणवाडीत आहे. माझ्याकडे तीन-चार वर्षांची पोरं आहेत ना, त्यातल्या बऱ्याच जणांचे वरचे पुढचे दात काळे पडून नुसते खुंट राहिलेत. परवा एकाला उसळ चावेना, रस्सा तेवढा पिऊन उठला. आयांना काही कळत नाही, म्हणतात दुधाचे दात, पडणारच की. पण हीच पोरं नऊ महिन्यांच्या गोवरच्या लशीला, मग दीड वर्षाच्या बूस्टरला न चुकता येतात, वजन होतं, कार्ड भरतात, आणि तोंड उघडून कोण बघतच नाही. मुद्दाम दाताच्या डॉक्टरकडे जायचं तर रोज बुडतो. अमेरिकेत म्हणे आदिवासी पोरांना साध्या तपासणीतच दातांना काहीतरी लावतात, खरं का ते?

दाढवाली
खरंय. फ्लोराइड वार्निश ते, कीड रोखायला दातांवर लावायचा लेप. तिथल्या आदिवासींसाठी इंडियन हेल्थ सर्व्हिस म्हणून सरकारी खातं आहे, त्यांनी 2010 पासून यावर जोर दिला, दातवाल्याची वाट बघत बसायचं नाही, पोराला आधी जो बघतो, बालरोगवाला असो की नर्स, त्यानेच लावायचं. अलास्कात तर लांबलांबच्या गावांत डेंटिस्ट पोचतच नव्हते, तर गावातल्याच मुलामुलींना न्यूझीलंडला पाठवून शिकवून आणलं!
लावायला डिग्री लागत नाही. आई आणि तू समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसा, पोराचे पाय आईच्या कमरेला, डोकं तुझ्या मांडीवर. वरचा ओठ उचल. हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर कीड सुरू झालीय पण अजून मागे फिरवता येते. तपकिरी-काळं झालं, खड्डा पडला की वार्निशने भरून येत नाही. गॉजने दात पुसायचे, छोट्या ब्रशने पातळ थर, लाळ लागली की घट्ट बसतो, मिनिटभराचं काम. त्या रात्री दात घासायचे नाहीत. दर 3 ते 6 महिन्यांनी परत.

माजी_एमओ
सगळं बरोबर, पण मी होतो त्या सेंटरवर वार्निश कधी आलंच नाही आणि लशीच्या दिवशी एक नर्स, बाहेर तीस पोरं रडतायत. आरबीएसके, म्हणजे पोरांच्या तपासणीची सरकारी योजना, 2013 पासून आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा टीम येते, त्यांच्या यादीत दातांची कीड आहेच. होतं काय, टिक मारतात, चिठ्ठी देतात, पुढे ते पोर गेलं का हे बघायला कोण नाही.

सांगेची_गावडीण
आयांना कळत नाही हे वाचून डोकं फिरलं. 2003 ला आम्हा गावड्यांना एसटीचा, म्हणजे अनुसूचित जमातीचा दाखला मिळाला, म्हणून काय सगळे लेक्चर द्यायला मोकळे? माझ्या पोराचा गाल रात्रीत सुजला, पहाटेची कदंब बस धरून बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठलं, दोन दाढा काढल्या. नऊ महिन्यांला मला कोणी सांगितलं होतं? उलट सेंटरवरच, रडतोय तर बिस्किट द्या म्हणाले. आमच्या आईने आम्हाला पेज भरवली, आता पाच रुपयांचा पुडा चहात बुडवला की पोर गप्प. आणि रात्री दुधाची बाटली तोंडात, तीही मीच द्यायचे, कबूल.

दाढवाली
बाटली सोडव गो आधी. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, त्या आधीच गेल्या की मागचे दात पुढे सरकतात आणि पक्क्यांना जागा उरत नाही. फ्लोराइडवाली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. घरी मशेरी असेल तर पोराच्या बोटाला लागू देऊ नका.

काणकोणची_बाय
सॉरी ताई, चुकलं माझं. नर्सबाईशी बोलले. ओठ उचलून बघायला ती तयार आहे, फक्त म्हणाली लिहू कुठे, कार्डावर दातांचा रकानाच नाही. मग वजनाच्या बाजूला पेनाने ‘दां’ लिहायचं ठरलंय, आणि चिठ्ठी दिली की पुढच्या लशीला आधी त्याचं विचारायचं. बुधवारी पहिला दिवस. टॉर्चचे सेल तेवढे आणायचेत.