मदत हवी आहे: टेकडीवरच्या बागेत गिरिपुष्पाच्या जागी देशी झाडं

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमच्या भागात टेकडीच्या उतारावर सार्वजनिक बाग आहे. तिच्या वरच्या अंगाला नुसतं गिरिपुष्प माजलंय. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी उतार सुंदर दिसतो, हे खरं. पण खाली गवत जवळजवळ नाही आणि दुसरं झाड रुजताना दिसत नाही. मध्य अमेरिकेतलं हे झाड, झटपट वाढतं म्हणून टेकड्यांवर सरसकट लावलं गेलं. आता तिथे हळूहळू देशी झाडं आणायची आमची तयारी आहे, उद्यान विभागही अनुकूल आहे. तोडीसाठी वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी घेणारच आहोत.

सगळं एकदम तोडायचं नाही, कारण उतारावरची माती पहिल्याच पावसात वाहून जाईल. मधेमधे थोडी झाडं काढून तेवढ्याच जागेत लागवड करायची, पाला तिथेच आच्छादनाला वापरायचा, असं ठरतंय. पण गिरिपुष्पाचा बुंधा कापला की चहूबाजूंनी धुमारे येतात. खोदून काढावं तर माती सुटते, विषारी औषध वापरायचं नाही. कोणी नुसते धुमारे खुडत राहून बुंधा मारलाय का? किती पावसाळे लागले?

दुसरी अडचण धावड्याची. पळस, खैर, हिवर बियांपासून होतील. पांगारा, सालई, मोई यांच्या फांद्या लावूनही झाडं होतात. धावडा मात्र हटून बसलाय. डोंगरातून आणलेली त्याची गोंडेदार फळं नखाने उकलून पाहिली, तर बहुतेक आतून पोकळ. धावड्याशिवाय इथलं रान मला अपुरं वाटतं. बी कोणत्या महिन्यात, कसल्या झाडावरून घ्यावं? खात्रीची रोपं मिळणारी रोपवाटिका माहीत असल्यास जरूर कळवा.

काही शेजाऱ्यांना मियावाकी हवंय, म्हणजे दाट जंगल उभं करायची जपानी पद्धत, चौरस मीटरला 3-4 रोपं. मला ते इथे पटत नाही. वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस, मुरमाड जमीन. इथे विरळ झाडं आणि मधे कुसळी, पवन्यासारखं गवतच शोभतं. चंडोल, तित्तिर हे पक्षी अशा गवताळ माळावर राहतात. पण ‘गवत म्हणजे ओसाड’ हे लोकांच्या डोक्यातून जात नाही. असं माळरान राखलेली एखादी बाग पुणे-साताऱ्याकडे असेल तर सांगा, सगळ्यांना घेऊन बघायला येऊ. आणि गवताचं बी पहिल्या पावसाआधी टाकावं की नंतर?