हॉटेलमधील नोकरीच्या मुलाखती : आपले अनुभव सांगावेत

रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळला मुलाखतीचे बोलावणे आले, की पत्त्याच्या जागी पुष्कळदा एखाद्या हॉटेलाचे नाव असते. कंपन्यांची कार्यालये मुंबई-पुण्यात आणि उमेदवार गुहागरपासून देवगडपर्यंत विखुरलेले. त्यामुळे दोन दिवस मुक्काम टाकून मुलाखती उरकणे कंपनीला परवडते आणि उमेदवारांचाही मुंबईचा हेलपाटा वाचतो. या सोयीला माझी हरकत नाही. मात्र हॉलमध्ये बसून मुलाखत घेणे वेगळे आणि झोपायच्या खोलीत घेणे वेगळे. माझ्या मुलीला गेल्या महिन्यात अशाच एका खोलीत बोलावले होते, म्हणून विचारतो आहे. ज्यांनी मुलाखती दिल्या वा घेतल्या आहेत, त्यांनी नावे न घेता लिहावे.

खेडहून, रसायनशास्त्राची पदवीधर
लोटे-परशुराम वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेसाठी मी मुलाखत दिली, ती चिपळूणच्या एका लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर. बाबा खाली रिसेप्शनपाशी थांबले होते. मी आत गेले आणि दार आपोआप मागे लागले. खोलीत दोन खुर्च्या, त्यांवर दोन साहेब. एका खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल वाळत घातलेला, आणि आमचे बायोडेटा पलंगावरच्या चादरीवर पसरलेले. मला पलंगाच्या कडेवर बसायला सांगितले. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची नेमकी तीव्रता कशी काढाल, असा अगदी साधा प्रश्न होता. ऑक्झॅलिक आम्लाबरोबर टायट्रेशन मी कॉलेजात कितीतरी वेळा केले होते, तरी ओढणी सावरत आणि दाराकडे पाहत मी तीन-चार वाक्यांत उत्तर संपवले. दोघांपैकी कोणीही एक शब्द वावगा बोलले नाही, हे मुद्दाम सांगते. पण मला येत होते ते मी सांगू शकले नाही, आणि नोकरी गेली ती तिथेच, असे मला आजही वाटते.

मुंबईहून, मूळ गाव संगमेश्वर
मी अनेक वर्षे कंपनीतर्फे मुलाखती घेतल्या आहेत आणि हॉलचे भाडे वाचवण्यासाठी खोलीतच बसलो आहे, हे कबूल करतो. समोरच्या मुलीला काय वाटत असेल, याचा विचार एका सहकारी बाईंनी टोकेपर्यंत माझ्या मनात आला नव्हता. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तक्रारदार स्त्री तिथे नोकरीलाच असली पाहिजे अशी अट नाही, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. तेव्हापासून दुपारची जेवणे आटोपली, की तीन ते सहा या वेळेत हॉटेलच्या भोजनगृहातील कोपऱ्याचे टेबल मागून घेतो. चहा-नाश्ता तिथेच घेतो म्हटल्यावर आजवर एकाही मालकाने नाही म्हटलेले नाही.

मंडणगडहून
आमच्याकडे आखातात जाणारे पुष्कळ, त्यामुळे हॉटेलात उतरलेला एजंट ही नित्याची गोष्ट आहे. मी वेल्डर. मुलाखत पाच मिनिटांत झाली, 'निवड झाली' म्हणून पंधरा हजार घेतले आणि मूळ पासपोर्ट मागितला. पासपोर्ट आईने कपाटातून काढूच दिला नाही. दोन दिवसांनी चौकशीला गेलो, तेव्हा साहेब पहाटेच खोली सोडून गेले होते. परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारची नोंदणी लागते, तो क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो, आणि त्याचे सेवाशुल्क कर सोडून 30,000 रुपयांपेक्षा अधिक असू शकत नाही, हे सारे मला पैसे गेल्यावर समजले. पैसे देण्याआधी एवढे तरी पाहावे, ही कळकळीची विनंती.

मालवणहून, हॉटेलचालक
खेडच्या ताईंचे वाचून वाईट वाटले, कारण अशा कितीतरी मुलींना मीच 'वर जा' म्हणून खोलीचा क्रमांक सांगितला आहे. आता मुलाखतीसाठी खोली मागणाऱ्यांना आधीच सांगतो, की नाश्त्याची वेळ संपल्यावर खालचे भोजनगृह मोकळे असते, भाडे नको. उमेदवारांची यादी काउंटरवर ठेवायला लावतो. मुलीबरोबर आलेल्या माणसाची खुर्ची, समोरचे टेबल दिसेल अशीच मांडतो.