बोरोबुदुरला वही नेताना

ताई, इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या बोरोबुदुर या बौद्ध स्तूपाशी चित्र काढत बसणं श्रद्धेला धरून होईल का, असं विचारलंय तुम्ही. होतं की! फक्त पूर्वेच्या जिन्यापासून सुरुवात करा आणि वास्तू उजव्या हाताला ठेवून फिरा, म्हणजे आपली प्रदक्षिणाच. भिंतीवरच्या कथा त्याच क्रमाने उलगडतात.

जायच्या आधी बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत दोन-तीन सकाळी हात बसवा. १२०४ सालच्या त्या जैन मंदिराच्या छतातल्या कमळाला ७२ पाकळ्या आहेत, तिन्ही काळांच्या २४-२४ तीर्थंकरांसाठी. बोरोबुदुरच्या माथ्यावरचे जाळीदार स्तूपही ७२च; ३२, २४, १६ अशा तीन वर्तुळांत. हिशेब वेगळा, धर्म वेगळा, पण रेखाटताना ही मोजणी जपासारखी चालते.

स्तूप काढताना आधी उभी मध्यरेषा, मग बुडाचं लंबवर्तुळ, मग घंटेचा आकार. छिद्रं शेवटी. खालच्या दोन वर्तुळांतली शंकरपाळ्यासारखी, सर्वांत वरची चौकोनी. कडेकडे ती अरुंद होत जातात; सगळी सारखी काढलीत की स्तूप चपटा पडतो. आत बुद्धमूर्ती आहे, तेव्हा छिद्रं एकजात काळी भरू नका.

जलरंग वड्यांचेच न्या. दांड्यात पाणी भरायचा ब्रश विमानतळावर रिकामा ठेवा, ब्लेड मोठ्या बॅगेत. कागद जाड, ३०० जीएसएमचा. तिथली हवा आपल्या आषाढासारखी दमट, पहिला थर वाळायच्या आत दुसरा दिलात तर चिखल होतो. वर ठराविक वेळच थांबू देतात, त्यामुळे वर पेन्सिल, रंग खाली उतरून.